फुकटच्या औषधाचे पैसे

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते असे आपण सहज म्हणतो. पण त्याचे पैसे कोणी तरी भरलेलेच असतात. ते आजवर कोणी भरले आणि पुढे ही व्यवस्था टिकेल का, हे पाहण्यासारखे आहे.

पूर्वी हा भार दात्यांनी उचलला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, ते जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीमुळे. कंपनी सरकारनेही त्यात भर घातली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी १८८६ साली कामा रुग्णालय निघाले, तेही पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून. परंतु दात्याची थैली केवढीही मोठी असली, तरी आजाऱ्यांची रांग तिच्याहून लांबच! १९२६ साली मुंबई महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. दानाच्या जोडीला आता कराचा पैसा आला.

१९४६ साली भोर समितीने सांगितले की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. रोग होण्याआधीच टाळावा आणि दवाखाना घराजवळ असावा, हेही तिने सांगितले. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे २.५ टक्के सरकारने आरोग्यावर खर्चावेत असे ठरविले. २०२१-२२ च्या हिशेबात तो आकडा १.८४ टक्केच होता. त्या वर्षी आरोग्यावरील दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ साली हेच ६४ रुपये होते, म्हणजे सुधारणा आहे. पण खिसा रिकामा झाला की घरातल्या बाईच्या पाटल्या मोडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलेच झाले, मात्र केसपेपरचे पैसे माफ केल्याने औषधाचे कपाट भरत नाही.

संसार करणारी बाई पावसाळ्याआधी कौले चाळून घेते. भिंत पडेपर्यंत थांबत नाही. गरोदर बाईची तपासणी, मुलांच्या लशी, रक्तदाबाच्या गोळ्या जवळच्या केंद्रात वेळेवर मिळाल्या, तर मोठ्या रुग्णालयाचा पुष्कळ खर्च वाचेल. असे केले तरच ही व्यवस्था टिकेल, असे मला वाटते. म्हणून आपल्या केंद्रात नर्स व औषधे आहेत की नाहीत, हे आपणच जाऊन विचारावे. त्यात आपलाही पैसा आहे.