ज्ञानभांडाराचा ताळेबंद

सार्वजनिक न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा, असे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने ठरविले. जमीन, इमारत, सोने-चांदी, ठेवी यांची नोंद त्यात होते. तासगावच्या पेठेतही कोणत्या फळीवर किती तागे उरले याची मोजदाद झाल्याखेरीज ताळेबंद पुरा होत नाही. मात्र संस्थेजवळ ज्ञान किती, ते कोणापाशी आहे आणि तो माणूस गेल्यावर काय उरेल, यासाठी वहीत रकाना नसतो. अलीकडे मोठ्या कंपन्या अशी तपासणी करतात व तिला ‘नॉलेज ऑडिट’ म्हणतात. जैन समाजात तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकातच झाला होता, आणि त्या इतिहासातील मिरज व फलटण ही दोन गावे तासगावकरांच्या परिचयाची आहेत.

सन १८८३ मध्ये मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी मूडबिद्रीच्या यात्रेस गेले. तेथील सिद्धांत बसदीत रत्नप्रतिमांबरोबर धवल, जयधवल व महाधवल या ताडपत्रांवरील ग्रंथांचेही दर्शन घडविले जाई. यात्रेकरू नमस्कार करीत व पुढे जात. शेठजींनी मात्र विचारले, हे ग्रंथ वाचणारा कोणी आहे काय? लिपी जुनी कानडी. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री ती वाचू शकतात, एवढेच उत्तर मिळाले. वीरसेनाचार्यांची धवला टीका ७२ हजार श्लोकप्रमाण, इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झालेला हा ठेवा समाजाच्या मालकीचा होता खरा, पण त्याची किल्ली जवळजवळ एकाच वृद्ध विद्वानाच्या हाती होती. ज्ञानाच्या तपासणीतील पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न तो हाच. कपाटात काय आहे याची यादी करणे सोपे असते.

शेठजींनी ही हकीकत सोलापूरचे ‘जैन बोधक’कार शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांस कळविली. हिराचंद शेठ ब्रह्मसूरी शास्त्रींसह मूडबिद्रीस गेले व धवलेचे मंगलाचरण त्यांनी ऐकले. पुढे निधी जमून १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. शास्त्रीजींच्या साहाय्यास मिरजेचे गजपती उपाध्याय होते. काम थोडे झाले असतानाच शास्त्रीजी निवर्तले. उपाध्याय सोबत नसते तर वाचनाची विद्या त्यांच्याबरोबरच गेली असती. सर्व ग्रंथांच्या नकला पुऱ्या होण्यास १९२२ साल उजाडले.

नकला मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, अशी अट होती. उपाध्यायांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने गुप्तपणे एक कानडी प्रत तयार केली. त्यात धर्मबुद्धी किती आणि अर्थबुद्धी किती, याचा निवाडा कोणी करावा? माणिकचंद व हिराचंद या दोघांनीही ती प्रत घेण्यास नकार दिला. व्यापाऱ्याच्या सचोटीस हे साजेसेच झाले. मात्र सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी ती घेतली नसती तर ग्रंथ आणखी किती वर्षे बंद राहिले असते, हेही विसरता येत नाही. सहारनपूरहून नकलांच्या नकला कारंजा, अमरावती आदी ठिकाणी पोहोचल्या. त्यांच्याच आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांचे सहकारी होते. नकलेच्या नकलेत गळती होणारच. पुढे मूडबिद्रीकरांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिले, तेव्हा कोठे शब्द सुटले ते उमगले.

याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. ह. दा. वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. कोणत्या भांडारात कोणता जैन ग्रंथ आहे, याची ती मोठी मोजदाद होय.

गावोगावच्या मंदिरांतील वेष्टनांत बांधलेल्या पोथ्या, मोडीतील जुन्या वह्या, विधिविधान तोंडपाठ असलेले पंडित, दात्यांचा इतिहास सांगणारी वडीलधारी मंडळी, यांना मूडबिद्रीचा तो प्रश्न आजही तितकाच लागू पडतो. न्यासाला पन्नास वर्षे होतात तेव्हा स्थापनेच्या वेळची मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलेली असतात.

महाधवलाचे, म्हणजे महाबंधाचे, काही हजार श्लोक किडीने नष्ट झाल्याचे प. पू. आचार्य शांतिसागर महाराजांस १९४० च्या दशकात समजले. ते व्यथित झाले. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरण्यात आले व ते फलटण येथे जतन करण्यात आले. गेलेले श्लोक मात्र परत आले नाहीत. १९४७ पासून भारतीय ज्ञानपीठाने छापलेल्या महाबंधात, जेथे ताडपत्र नष्ट झाले, तेथे मजकुरात खंड पडलेला आहे.