पाइनच्या रानातलं कब्रस्तान

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटलेली गाडी साधारण अर्ध्या तासात वोकिंगला पोहोचते. सरे परगण्यातलं हे शहर. त्याच्या उत्तरेला हॉर्सेल कॉमन नावाचं मोठं रान आहे. पाइन आणि बर्चची झाडं, मधल्या मोकळ्या माळावर हेदरची खुरटी झुडपं, पायाखाली वाळू. सुट्टीच्या दिवशी लोक कुत्री घेऊन, पोरंबाळं घेऊन इथल्या वाटांवर भटकत असतात. याच रानाच्या कडेला विटांची एक चौकोनी भिंत लागते. तिच्या दारावर घुमट आहे, कमानी आहेत. आपल्याकडच्या एखाद्या दर्ग्याची ड्योढी उचलून इंग्लंडच्या जंगलात आणून ठेवावी, तशी ती दिसते.

मी तिथे गेलो ते पायीच. इंग्लंडचा ग्रामीण भाग पाहायचा तर पायीच पाहावा, कारण तिथल्या पाऊलवाटांना कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या खेड्यांत पाणंद आणि वहिवाट या शब्दांवरून पिढ्यानपिढ्या कज्जे चालतात. तिथेही चालले. पण तिथला कायदा असा, की एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, कुणाची परवानगी न घेता चालत आले असतील, तर सहसा ती वाट सार्वजनिक मानली जाते. मग जमीन कुणा सरदाराची असो की शेतकऱ्याची. हे सुखासुखी मिळालेलं नाही. १९३२ साली किंडर स्काउटच्या डोंगरावर तरुण कामगारांनी जाहीरपणे घुसखोरी केली, त्यातले काही तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्यानंतर अशा वाटांची गावोगाव नोंद होऊ लागली.

वोकिंगमध्ये माझी वाट शाहजहान मशिदीपासून सुरू झाली. १८८९ साली बांधलेली ही ब्रिटनमधली मशीद म्हणून उभारलेली पहिली इमारत. बांधून घेणारे होते डॉ. लाइटनर. बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचा प्राचार्य राहिलेला हा भाषापंडित. पैसा प्रामुख्याने भोपाळच्या शाहजहान बेगमांचा, म्हणून मशिदीला त्यांचं नाव. लाइटनर १८९९ मध्ये गेले आणि मशिदीला कुलूप लागलं. पुढे १९१३ च्या सुमाराला लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा उघडली. लाइटनर हयात असतानाच तिची दखल घेतली ती एका कादंबरीकाराने. एच. जी. वेल्स तेव्हा वोकिंगमध्ये राहत होते. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये त्यांनी मंगळावरचे प्राणी हॉर्सेल कॉमनवर उतरवले आणि त्यांच्या हल्ल्यात मशिदीचीही मोडतोड करून टाकली.

मशिदीपासून ते घुमटाचं दार अर्ध्या तासाच्या आत येतं, वाटेत बेसिंगस्टोक कालवा लागतो. तिथवर चालताना डोक्यात होते ते सैनिक. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले हिंदी शिपाई ब्रायटनला आणले जात. तिथला जुना राजवाडा, रॉयल पॅव्हेलियन, त्यांचं इस्पितळ झाला होता. हिंदू आणि मुसलमान शिपायांसाठी वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे वेगळे नळ. सरकारने एवढी काळजी घेतली आणि तिची छायाचित्रं हिंदुस्थानभर फिरवली. मात्र ब्रायटनच्याच किचनर इस्पितळाभोवती काटेरी तारा होत्या, जखमी शिपायांना मोकळेपणी गावात फिरू दिलं जात नव्हतं. हे कळल्यापासून मला त्या रानवाटांवरून चालणं थोडं जड गेलं.

जे वाचले नाहीत त्यांचं काय करायचं, हा प्रश्न राजकीय होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्की खलिफाने जिहाद पुकारला. जर्मनांनी प्रचार सुरू केला, की इंग्रज मेलेल्या मुसलमान शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे मातीही देत नाहीत. वोकिंगचे इमाम मौलवी सदरुद्दीन दफनाच्या व्यवस्थेबद्दल तक्रारी करतच होते. मग सरकारने जागा दिली आणि १९१७ पर्यंत घुमट, कमानी, भिंत असं सगळं पूर्ण झालं. पहिल्या महायुद्धातले १९ शिपाई इथे दफन झाले. तिकडे जर्मनांनीही बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या युद्धकैद्यांच्या छावणीत १९१५ साली लाकडी मशीद उभारली, हिंदी आणि आफ्रिकी मुसलमान कैद्यांचं मन वळवायला. दहा-बारा वर्षांत ती पाडलीही. दोन साम्राज्यं घुमट बांधण्याची शर्यत लावत होती आणि पंजाबातल्या कुठल्याशा खेड्यातला शेतकरी मधल्यामध्ये मरत होता.

तरीही मी या कब्रस्तानाला निव्वळ प्रचार म्हणणार नाही. सरकारचा हेतू काहीही असो, त्या माणसाला कफन मिळालं, नमाज-ए-जनाजा मिळाली, इमाम मिळाला. ते मागणारा एक मौलवी तिथे होता म्हणून मिळालं, हेही विसरू नये.

ब्रायटनला मरण पावलेल्या हिंदू आणि शीख शिपायांची वाट निराळी. त्यांना साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर पॅचम गावाच्या वर अग्नी दिला गेला. तिथे आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १९२१ मध्ये उघडलेली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. छत्रीपर्यंत मोटार जात नाही. मेंढ्यांच्या कुरणांतून पाऊलवाटेने चढूनच जावं लागतं. एकाच इस्पितळात मेलेली ही माणसं, त्यांचं स्मरण करायला मात्र दोन वेगळ्या दिशांना चालावं लागतं. धर्माचे विधी वेगळे, त्यामुळे ते साहजिकच. पण आपल्याकडे हल्ली मुसलमानाकडून देशासाठी काय केलंत याचा हिशेब मागितला जातो, तेव्हा मला ते पाण्याचे दोन नळ आठवतात आणि त्यांच्या आसपासच्या खाटाही.

हॉर्सेलच्या भिंतीआत आज एकही कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातलेही काही जण इथे दफन झाले होते. १९६० च्या दशकात जागेची नासधूस होऊ लागली, म्हणून दशकाच्या शेवटी सगळे मृतदेह ब्रुकवुडच्या लष्करी कब्रस्तानात हलवले. मोकळ्या आवारात रान माजलं. डागडुजी होऊन २०१५ च्या नोव्हेंबरात ते शांती-उद्यान म्हणून उघडलं. आत पाण्याचा अरुंद हौद आहे आणि त्या शिपायांच्या आठवणीसाठी लावलेली हिमालयीन बर्चची २७ झाडं. पांढऱ्या सालीची, बारीक बुंध्यांची. मी फातिहा वाचली. कबर नसताना वाचावी का, असा प्रश्न एखादा मौलाना विचारील. विचारू द्या. भिंतीबाहेर थोडं चाललं की कांस्ययुगातले मातीचे गोल उंचवटे लागतात, तेही दफनाचेच. ती माणसं कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करत होती, कुणास ठाऊक.

तिथून मी कालव्याच्या काठाने ब्रुकवुडला निघालो. पूर्वी घोडे नावा ओढत जायचे तीच ही वाट. एका बाजूला संथ पाणी, त्यात बदकं, लाकडी दारांचे जलपाश एकामागून एक. ब्रुकवुडचं कब्रस्तान १८५४ मध्ये उघडलं, लंडनच्या मुडद्यांसाठी वॉटर्लूहून खास आगगाडी यायची. अफाट मोठं आहे, नकाशाशिवाय जाऊ नका. तिथे मुसलमानांचा जुना भाग आहे आणि त्यात कुराणाचे दोन प्रसिद्ध इंग्रजी अनुवादक विसावले आहेत.

मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९१७ मध्ये इस्लाम जाहीरपणे स्वीकारला, पण त्याआधीपासूनच ते तुर्कांच्या बाजूने लिहीत होते, युद्धाच्या ऐन धुमाळीतसुद्धा. १९२० मध्ये ते मुंबईला आले, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक झाले, खिलाफत आणि गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. पुढे हैदराबादला निजामाच्या चाकरीत गेले. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले, आयसीएस अधिकारी, महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने हिरिरीने भाषणं देणारे. हॉर्सेलच्या शिपायांनी सरकारसाठी लढावं, हीच त्यांची भूमिका होती. १९५३ च्या डिसेंबरात हा माणूस लंडनमध्ये एका दाराच्या पायऱ्यांवर गारठलेल्या अवस्थेत पोलिसांना सापडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. न्यायला नातेवाईक आले नाहीत. दफनाची व्यवस्था पाकिस्तानच्या वकिलातीने केली.

एक सरकारच्या विरोधात, एक सरकारच्या बाजूने, आणि ज्यांच्या नावाने हा वाद चालला ते शिपाईही आता याच ब्रुकवुडमध्ये. लष्करी भागात त्यांचे पांढरे दगड ओळीने उभे आहेत. नावं वाचत मी पुढे सरकत होतो. अंधार लवकर पडत होता आणि परतीच्या गाडीला पाऊण तास होता, म्हणून शेवटची रांग राहूनच गेली.