दोन आत, दोन बाहेर

जळत्या इमारतीत जवानाने एकट्याने शिरू नये, असा अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेचा दंडक आहे. १९९८ मध्ये सुधारलेल्या श्वसनसंरक्षण नियमांनुसार किमान दोघांनी एकत्र आत जावे, परस्परांच्या नजरेच्या वा आवाजाच्या टप्प्यात राहावे आणि आणखी दोघांनी सज्ज होऊन बाहेर थांबावे. बाहेरच्यांपैकी एकावर घटनास्थळाच्या नेतृत्वासारखी दुसरी जबाबदारी सोपवता येते. मात्र साथीदारासाठी ती तत्काळ सोडता आली पाहिजे. कुणी आत अडकले असल्यास पूर्ण तुकडी जमेपर्यंत सुटका थांबवण्याचे बंधन नाही.

नवल असे, की हा नियम सरकारी अग्निशमन दलांना थेट लागूच होत नाही. १९७० च्या मूळ कायद्याने राज्ये व नगरपालिकांना ‘मालक’ या व्याख्येतून वगळले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा ज्या राज्यांनी ‘ओशा’च्या मान्यतेने स्वतःची योजना राबवली, तेथे तिचे संरक्षण मिळते, इतरत्र भिस्त स्थानिक नियमांवर.

धोका ज्वाळांपुरताही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या पेशाला पहिल्या, म्हणजे निश्चित कर्ककारक गटात घातले. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांच्याशी असलेला संबंध त्यात पुरेशा पुराव्यानिशी मान्य झाला आहे.