तळटीप : ब्रॉयलरच्या खाद्यातील वनस्पतिजन्य पूरके

ओवा, लसूण, हळद यांची पूड, अर्क किंवा तेल. पंजाबातील १८ फार्मांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अंड्यांच्या कोंबड्यांपेक्षा ब्रॉयलरमध्ये बहुऔषधरोधी ई. कोलाय जास्त आढळले. वाढीसाठी प्रतिजैविके देणे म्हणूनच थांबायला हवे. पर्याय म्हणून ही पूरके पाहिली, तर ओव्यातील थायमॉल जिवाणूंचे पेशीपटल भेदते. आक्षेप असा, की पक्ष्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. ते खरेच आहे. पण वाण, जमीन आणि काढणीनुसार थायमॉलचे प्रमाणच बदलते, तेव्हा नुसत्या पुडीच्या वजनावर मात्रा ठरवून कसे चालेल? मात्रा क्रियाशील घटकावरच ठरवावी. शिवाय शेडमधले तूस ओले, अमोनियाने डोळे चुरचुरणारे असेल, तर कोणतेही पूरक वाया जाते.