"फॉरमॅटच मारा लागते": घरच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडवेअरची गोष्ट

हा भाग तुम्ही बहुतेक फोनवर ऐकताय, त्यामुळे आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बैठकीचा कोपरा, त्यात एक टेबल, टेबलावर फुलाफुलांच्या कव्हरखाली झाकलेला कॉम्प्युटर आणि खाली गुरगुरणारा यूपीएस. साधारण २००५ ते २०१५ या काळात अमरावती-अकोल्याकडे ज्यांच्या घरी हा प्रकार होता, त्यांनी एक वाक्य नक्की ऐकलंय. दुरुस्तीवाला भाऊ येतो, माऊस दोन-चार वेळा हलवतो आणि म्हणतो, "काकाजी, व्हायरस घुसला. फॉरमॅटच मारा लागते."

मला आज या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण त्याचे दोन्ही भाग बऱ्याचदा चुकीचे असायचे. घुसलेला तो व्हायरस नसायचा. आणि फॉरमॅट मारायची गरज नसायची.

पण भाऊ असं का म्हणायचा? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव 'जोशी'. मस्करी नाही, जगभरच्या व्हायरसच्या याद्यांमध्ये हे नाव आहे. फ्लॉपीवरून पसरायचा आणि डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, लपून बसायचा. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि स्क्रीनवर सांगायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलं की मशीन पुढे चालू. हा जोशी कोण, ते मात्र तो सांगत नसे. बाकीचे व्हायरस इतके सभ्य नव्हते. १९९२ मध्ये गाजलेला मायकेलअँजेलो ६ मार्चला डिस्कवरचा डेटाच उडवायचा.

याच काळात पुण्यात कैलाश काटकर नावाचा सातारा जिल्ह्यातला तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होता. शिक्षण दहावीपर्यंत. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसनं भरलेल्या असायच्या, म्हणून संजयनं ते काढायचे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९५ मध्ये क्विक हील आलं. पुढे २००७ मध्ये कंपनीचंही नाव तेच झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की आपल्याकडे अँटिव्हायरस दुरुस्तीच्या दुकानातून जन्माला आला. 'व्हायरस' हा शब्दही घरोघरी पोचवला तो दुकानदारानंच. त्यामुळे मशीन हळू चालली, पान उघडेना, कसली तरी खिडकी उडी मारून आली, की सगळ्याला एकच नाव.

आता आपल्या वऱ्हाडात या. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि अमरावतीच्या राजापेठेपासून तालुक्याच्या गावापर्यंत क्लासेस उघडले. कोर्स झाला की पोरं घरी म्हणायची, प्रॅक्टिसला कॉम्प्युटर पाहिजे. मग असेंबल केलेला डबा यायचा. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. आज तुम्ही दिवसाला दीड-दोन जीबी उडवता. तेव्हा महिन्याचा कोटा एमबीत मोजायचे. एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजत नसत, म्हणून पोरं दोनचा गजर लावून झोपायची. आणि उठून बघावं तर लाईन गेलेली. ज्यांनी विदर्भातलं लोडशेडिंग पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

रात्री दोन वाजता काय डाउनलोड व्हायचं? गाणी-पिक्चर होतेच. पण आणखी एक गोष्ट होती, ती हमखास विसरली जाते. मराठी फॉन्ट! विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी होती, पण ती चालू करायला सेटिंगमध्ये जाऊन विंडोजची सीडी घालावी लागायची. सीडी कुणाकडे असायची? मग अर्ज टाइप करायला, प्रोजेक्टला, लग्नपत्रिकेला लोक फुकट फॉन्ट शोधायचे. शोधून जे पान उघडायचं त्यावर 'डाउनलोड' लिहिलेली चार हिरवी बटणं असायची. त्यातली तीन जाहिराती.

इथे आपल्या गोष्टीतला दुसरा धागा येतो, तो अमेरिकेतला. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे गेटर नावाचा एक फुकट प्रोग्राम निघाला. तुमचे पासवर्ड लक्षात ठेवायचा, फॉर्म भरून द्यायचा. त्याबदल्यात तुम्ही कुठली साइट बघताय ते पाहायचा आणि त्या साइटवर स्वतःच्या जाहिरातीची खिडकी आणून टाकायचा. वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स यांच्या प्रकाशकांनी २००२ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. तडजोड झाली आणि २००३ मध्ये कंपनीनं नाव बदलून क्लारिया केलं. जोशी आणि मायकेलअँजेलो लिहिणाऱ्याला एक रुपया मिळत नव्हता. गेटरच्या पद्धतीत मात्र प्रत्येक कॉम्प्युटर कमावता होता.

मग हा धंदाच झाला. फुकट प्रोग्रामच्या इन्स्टॉलरमध्ये टूलबार घुसवायचा, आणि तो जितक्या मशीनवर बसेल तितके पैसे. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास मांडला. त्यात एका इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर दिसला. असे प्रोग्राम डाउनलोड होताना गूगलला आठवड्याला ६ कोटींहून जास्त वेळा इशारा द्यावा लागत होता. खऱ्या व्हायरससारख्या गोष्टींसाठी जितके इशारे जायचे, त्याच्या साधारण तिप्पट.

आणि हे फक्त संशयास्पद साइटवर होत नव्हतं, बरं का. सीनेटची डाउनलोड डॉट कॉम ही तेव्हाची सगळ्यात भरवशाची जागा. २०११ मध्ये तिनं दुसऱ्यांच्या फुकट प्रोग्रामना स्वतःचं वेष्टण घालायला सुरुवात केली, आणि त्या वेष्टणात टूलबार. एनमॅप या प्रोग्रामचा लेखक डिसेंबर २०११ मध्ये जाहीरपणे भडकला. त्याच वर्षी व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅननंही तक्रार केली, की आमच्या प्लेयरमध्ये भलतंसलतं कोंबून लोक तो वाटतायत. व्हीएलसी! आपल्याकडे कुठल्या घरी नव्हता?

ज्यांनी ते इन्स्टॉलर पाहिलेत त्यांना आठवेल. दोन पर्याय असायचे. 'एक्सप्रेस', समोर लिहिलेलं 'शिफारस', आणि 'कस्टम', समोर लिहिलेलं 'जाणकारांसाठी'. एमएस-सीआयटी नुकतीच झालेला माणूस स्वतःला जाणकार कसा म्हणेल? तो एक्सप्रेस दाबायचा. टूलबारसमोरची खूण काढायची सोय फक्त कस्टममध्ये होती. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश.

यातली खरी गोम कायद्यात आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय कुणी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस किंवा असलं दूषित काही घातलं तर भरपाई द्यावी लागेल. परवानगीशिवाय, हा शब्द धरून ठेवा. अ‍ॅडवेअरवाल्याकडे तुमची परवानगी होती, तुम्हीच 'आय अ‍ॅग्री' दाबलं होतं. अमेरिकेत याच मुद्द्यावर भांडण झालं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २००६ मध्ये झँगो या अ‍ॅडवेअर कंपनीशी ३० लाख डॉलरवर तडजोड केली, आणि यापुढे लोकांची स्पष्ट संमती घ्यायची अट घातली. आपल्याकडचा वाद मात्र घरातच मिटायचा. कसा, ते सांगतो.

अकोल्याला माझ्या मोठ्या बाबांकडे २०१३ मध्ये घडलेली गोष्ट. ताई अमरावती विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, जुने पेपर डाउनलोड करायची. पीडीएफ उघडायला तिनं कुठला तरी फुकट रीडर घेतला. दुसऱ्या दिवसापासून होमपेज बदललं, बातम्यांच्या पानावरही घाणेरड्या जाहिराती यायला लागल्या. मोठे बाबा संध्याकाळी रेल्वेचं रिझर्व्हेशन पाहायला बसले आणि समोर ते चित्र. घरात ताईशिवाय कॉम्प्युटरला कुणी हात लावत नव्हतं. "काय पाहून रायली होती वं तू?" एवढाच प्रश्न. ती रडून सांगत होती की मी काही पाहिलं नाही, ते आपोआप येतंय. मोठ्या आईनं तिची बाजू घेतली, तर तिलाही ऐकून घ्यावं लागलं. नेट बंद झालं ते परीक्षा होईपर्यंत.

मग दुरुस्तीवाला भाऊ. फॉरमॅट, पाचशे रुपये. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो, हे त्याला माहीत होतं. पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल सी ड्राइव्हमध्येच असतात हे घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो डेस्कटॉपवर होते. त्या फोल्डरमध्ये काय होतं ते अ‍ॅडवेअरला बघायचंही नव्हतं. फोटो गेले ते औषधानं.

मी त्या भाऊला खलनायक करणार नाही. पूर्ण स्कॅनला दोन-तीन तास लागायचे आणि मध्ये लाईन जायची. फॉरमॅट तासा-दीड तासात उरकायचं आणि मशीन नव्यासारखी पळायची. बरं, अँटिव्हायरस लावला तरी तो अनेकदा गप्प राहायचा, कारण त्याच्या हिशोबानं हा प्रोग्राम मालकाच्या संमतीनं आलेला. पण कामाच्या जागा ठरलेल्या होत्या आणि आजही त्याच आहेत. घरी जुना विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर पुढचं ऐकाच.

आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्सची यादी उघडा आणि ती इन्स्टॉलच्या तारखेनं लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या तारखेला चार-पाच अनोळखी नावं एकत्र बसलेली दिसतील. सगळी एकाच बसमधून उतरलेली. ती अनइन्स्टॉल करा, आणि तिथेही बटणं वाचा, कारण जाताजाता 'आमचं दुसरं काही ठेवू का' असं विचारतात. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, होमपेज, सर्च इंजिन. एवढं करूनही तेच पान उघडत असेल तर ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. 'टार्गेट'च्या ओळीत प्रोग्रामच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असतो. ही युक्ती फार जणांना गंडवायची, कारण ब्राउझर काढून परत टाकला तरी जुना शॉर्टकट तसाच राहायचा. शेवटी प्रॉक्सी सेटिंग आणि टास्क शेड्युलर. याच कामासाठी २०११ मध्ये अ‍ॅडव-क्लीनर नावाचं छोटं फुकट साधन आलं, ते २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सनं विकत घेतलं. ते घ्यायचं तर त्यांच्याच साइटवरून. याच्या नावाचीही खोटी डाउनलोड पानं निघालीत, आता काय बोलणार!

तुम्ही म्हणाल, जाहिरातीच तर आहेत, येऊ द्या. तर दोन प्रकरणं ऐका. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं की लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर येतंय. जाहिराती घुसवण्यासाठी ते बँकेच्या साइटसकट सगळ्या सुरक्षित साइटचं कुलूप मध्येच उघडायचं, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची किल्ली एकच. इथे 'आय अ‍ॅग्री'चाही प्रश्न नव्हता, खोका उघडायच्या आधीच माल आत. दुसरं, १ जून २०१७. चेक पॉइंट या कंपनीनं फायरबॉल नावाच्या अ‍ॅडवेअरबद्दल सांगितलं. बीजिंगच्या राफोटेक या मार्केटिंग कंपनीचं ते काम, फुकट प्रोग्रामसोबत आलेलं. चेक पॉइंटच्या अंदाजानं जगात २५ कोटी कॉम्प्युटरवर, त्यात सगळ्यात जास्त भारतात, २ कोटी ५३ लाख. हे आकडे फुगवलेले आहेत असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं. पण ते होमपेज बदलतं आणि हवा तो दुसरा प्रोग्रामही आत आणून चालवू शकतं, ते दारच उघडं ठेवतं, हे चेक पॉइंटनं दाखवलं होतं.

ती तारीख माझ्या लक्षात राहिली त्याला कारण आहे. त्याच १ जूनला महाराष्ट्रात शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, २४ जूनला कर्जमाफी जाहीर झाली आणि जुलैच्या शेवटी ऑनलाइन अर्ज सुरू झाले. वऱ्हाडात सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. आधार क्रमांक, बँकेचं खातं, कर्जाचा हिशोब, सगळं कुठल्या तरी कॉम्प्युटरवर टाइप होत होतं. ज्या मशीनवर होमपेज आपोआप बदलतंय, तिथे बापाचा आधार क्रमांक टाकायचा का, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलनं त्रासदायक जाहिराती दाखवणारी जवळपास ६०० अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली, म्हणजे गेटरची नातवंडं तिथे पोचलीत. त्याहून सोपी वाट म्हणजे सूचना. एखादी साइट म्हणते, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा.' दाबलं की तिला तुमच्या फोनवर सूचना पाठवायची परवानगी मिळते, आणि मग ब्राउझर बंद असतानाही 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस' असल्या पाट्या येत राहतात. फोनमध्ये व्हायरस नसतो, अ‍ॅपही नसतं, असते ती एक परवानगी. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, अनोळखी असेल ती ब्लॉक करा. कॉम्प्युटरवरही हीच यादी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली सापडते, आई-बाबांच्या मशीनवर ती आधी उघडा. आणि घरात कुणाच्या स्क्रीनवर भलतं काही दिसलं, तर त्याला काही विचारायच्या आधी ही यादी बघा.

पुढच्या भागात या फुकट मराठी फॉन्टचीच गोष्ट, युनिकोड यायच्या आधीची. एका मशीनवर 'शेतकरी' टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा का व्हायचं, ते सांगतो. भेटूया.