पाच नद्यांचा तीर

तंजावूरहून उत्तरेस तिरुवैयारुकडे जाणारी वाट सुमारे चार कोसांची आहे. परंतु तेवढ्या वाटेत प्रवाशाला पाच प्रवाह ओलांडावे लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात या गावाचे ‘पंचनद’ झाले आणि ग्रामदैवत पंचनदीश्वर ठरले. नद्यांवरूनच नाव मिळालेल्या अशा गावात इतिहास एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करता येत नाही. जुन्या वास्तू आणि नदीकाठची वनश्री ही दोन्ही ज्यात राखली जातील असे सार्वजनिक उद्यान आखण्याचा विचार आज अनेक नगरांत होत असतो. तो तिरुवैयारुच्या तीरावर कसा करावा, हे सांगण्यास या तीराचा इतिहासच अधिक समर्थ आहे.

सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांची कथा येथे आजही सांगितली जाते. कैलासदर्शनासाठी निघालेले वृद्ध अप्पर उत्तरेकडील एका सरोवरात बुडी मारतात आणि तिरुवैयारुच्या तळ्यातून वर येतात. तेथे त्यांना हत्ती, कोंबडा, कोकिळ, मोर अशी एकेका प्राण्यापक्ष्याची जोडपी दिसतात आणि प्रत्येक जोडप्यात त्यांना शिवपार्वतीचे दर्शन घडते. कैलास सापडला तो गावच्याच तळ्याकाठी, सजीव सृष्टीत! पुढे चोळांच्या काळात राजराजाची राणी लोकमहादेवी हिने मंदिराच्या आवारात उत्तरकैलास उभारला आणि राजेंद्राची राणी पंचवन्महादेवी हिने दक्षिणकैलास. दगडाचे कैलास मागाहून आले. पहिला कैलास पाण्याचा आणि पाखरांचा होता.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर मराठी राज्य या खोऱ्यात आले. काशीतुल्य मानल्या गेलेल्या या क्षेत्राकडे भोसले घराण्याचे विशेष लक्ष होते. कावेरीकाठी त्यांच्या अमदानीत महाल आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. कल्याणमहाल ही त्यांतलीच वास्तू. १७९९ साली दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला व त्यांच्याकडे तंजावूरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले. तलवार गेलेल्या या राजाने ग्रंथ, वैद्यक, वनस्पती व पशुपक्षी यांच्या अभ्यासात आयुष्य घालविले. सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह त्यांच्याच परिश्रमाने वाढला. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी काशीची यात्रा केली आणि गंगेच्या घाटांची चित्रे काढवून आणली.

परंतु उद्यानाचा विचार करणाऱ्याने या राजाचे आणखी एक कार्य ध्यानात घेतले पाहिजे. ते म्हणजे छत्रांची व्यवस्था. रामेश्वरच्या वाटेवर तंजावूरच्या राजांनी छत्रे स्थापिली होती. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून या छत्रांना हात लावू नये अशी विनंती केली. तेथे सर्व जातींच्या आणि सर्व धर्मांच्या वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते आणि अनाथ मुलांचा सांभाळ होतो, हे त्यांनी त्यात नमूद केले. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडु येथे मुक्तांबाछत्र उभे राहिले. या छत्रांचे मर्म त्यांच्या खांबांत नव्हे, हिशेबात होते. प्रत्येक छत्राच्या नावे जमिनी व गावे लावून दिलेली असत आणि त्यांच्या उत्पन्नातून नित्याचा खर्च भागे. इमारत बांधणारा राजा गेला तरी चूल विझू नये, ही दूरदृष्टी त्यात होती. १८५५ साली घराण्याची गादी निर्वंश झाली, तरी छत्रांचा निधी उरला. तिरुवैयारु येथील राजांच्या नावाचे महाविद्यालय त्याच निधीतून पुढे आले.

ज्या स्मारकाला असा आधार नव्हता त्याचे काय झाले, हेही याच तीरावर दिसते. संतकवी त्यागराज यांचे बहुतेक आयुष्य तिरुवैयारुत गेले. दरबारची भाषा मराठी, लोकांची तमिळ आणि त्यागराजांच्या रचनांची तेलुगू. तिन्ही भाषा या एका पाण्यावर वाढल्या. त्यांच्या ‘सरि वेडलिन’ या कृतीत कावेरीचे वर्णन आहे, तर ‘मुरिपेमु’ या कृतीत पंचनद क्षेत्राचे आणि तिथल्या मंद वाऱ्याचे. १८४७ साली त्यागराज निवर्तले. काही दशकांतच त्यांच्या समाधीकडे दुर्लक्ष होऊन ती मोडकळीस आली. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने १९२१ साली हे काम हाती घेतले, स्वतःची मिळकत खर्च केली आणि १९२६ च्या आरंभी समाधिमंदिर पूर्ण केले. १९५२ साली त्या वारल्या; त्यांचे स्मारक त्याच तीरावर आहे. पौष वद्य पंचमीला तेथे शेकडो गायक पंचरत्न कृती एकसुराने गातात.

हा उत्सव बहुधा जानेवारीत येतो आणि त्या सुमारास पात्रात पाणी असणे हे आज सर्वस्वी वरच्या धरणावर अवलंबून असते. १८३६ साली आर्थर कॉटन यांनी कोळ्ळिडम नदीवर बंधारा घातला. १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. प्रघात असा की, साठा पुरेसा असल्यास १२ जूनला पाणी सोडावे आणि २८ जानेवारीस बंद करावे. त्यानंतर पात्रात वाळूच उरते. त्या वाळूचा उपसा झाला की पात्र खोल जाते, काठ ढासळतो आणि आसपासच्या विहिरी आटतात. घाटाचा पाया काठावर उभा असतो. काठ गेला तर पायरी राहत नाही. घाट राखणे आणि नदी राखणे ही दोन खात्यांची कामे असली, तरी वस्तुतः ते एकच काम आहे.

दुसरा धडा जवळच, तंजावुरात मिळतो. तेथील शिवगंगा तळे शेवप्पा नायकाच्या लहान किल्ल्यात आहे. तंजावूर नगरपालिकेने १८७१-७२ साली त्याच्या भोवती लोकांसाठी बाग केली. बृहदीश्वराच्या सान्निध्यातील ही बाग दक्षिणेतील जुन्या सार्वजनिक उद्यानांपैकी एक होय. तळ्यात पाणी येई ते नगराबाहेरच्या शेवप्पा नायकाच्या तलावातून, आणि पुढे जमिनीखालच्या नळांनी ते गावातील अय्यनकुळम् या तळ्याकडे जाई. बाग टिकली, पण नगर वाढले तसे पाण्याचे मार्ग बुजले. अलीकडच्या नगरसुधारणेत अय्यनकुळम्‌कडे जाणारा मार्ग साफ करण्यात आला, तेव्हा जुन्या योजनेची किंमत पुन्हा कळली. कारंजी आणि दिवे एका वर्षात बसविता येतात. पाण्याची वाट मोडली तर ती उलगडण्यास पिढ्या लागतात.

तिरुवैयारुच्या तीरावर उद्यान आखायचे झाल्यास कागदावरची पहिली रेघ म्हणून पुराची रेषा काढावी लागेल. तिच्या आत सिमेंटची भिंत नको. कावेरीकाठचे अर्जुनवृक्ष आणि करंज यांच्या मुळांनीच काठ धरून ठेवावा. वेडी बाभूळ आणि जलपर्णी मात्र काढलीच पाहिजे. जुन्या मंडपांची डागडुजी चुन्यातच व्हावी. चैत्र-वैशाखात पंचनदीश्वराची पालखी सात गावांच्या यात्रेला निघते. तिची वाट कुंपणाने अडता कामा नये, कारण ती सात गावे, त्यांची शेते व आमराया हेच या क्षेत्राचे खरे आवार आहे. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, माळ्याचा, गवंड्याचा आणि राखणदाराचा पगार कोणत्या उत्पन्नातून निघणार, हे कोनशिला बसविण्यापूर्वी ठरले पाहिजे. छत्रे बांधणाऱ्या राजांनी तेच आधी ठरविले होते, म्हणून त्यांचे दान त्यांच्या राज्याहून अधिक टिकले.