गेट आणि एम.टेक. : इलेक्ट्रिकल व कॉम्प्युटर अभियांत्रिकीतील पदव्युत्तर प्रवेश

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शाखेतून बी.ई. अथवा बी.टेक. झाल्यावर याच विषयांत पुढे शिकायचे असेल, तर भारतातील मुख्य मार्ग म्हणजे एम.टेक. हा साधारणपणे दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम असतो. पहिल्या वर्षी प्रामुख्याने वर्गातील विषय आणि प्रयोगशाळा असते. दुसरे वर्ष बहुतांशी प्रबंधासाठी असते. आयआयटी आणि एनआयटी या संस्थांतील प्रवेश मुख्यतः ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर होतो.

परीक्षेचे स्वरूप

गेट परीक्षा बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी व गुवाहाटी येथील आयआयटी आळीपाळीने घेतात. संगणकावर होणारी ही परीक्षा तीन तासांची आणि १०० गुणांची असून तीत ६५ प्रश्न असतात. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेसाठी असतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना मात्र ही वजावट लागू नाही. निकालानंतर गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

पेपर कोणता निवडावा?

इलेक्ट्रिकल (ईई), इलेक्ट्रॉनिक्स व कम्युनिकेशन (ईसी) आणि कॉम्प्युटर सायन्स (सीएस) यांचे पेपर स्वतंत्र आहेत. २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता (डीए) हा पेपरही सुरू झाला. इलेक्ट्रिकलचा पदवीधर सीएसचा पेपर देऊ शकतो. मात्र कोणती पदवी आणि कोणता पेपर चालेल, हे प्रत्येक संस्थेचा विभाग ठरवतो. परीक्षेत चांगले गुण मिळूनही पात्रतेअभावी अर्ज नाकारला जाऊ शकतो, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आवडीच्या विभागाचे नियम वाचणे गरजेचे आहे.

गुण मिळाल्यानंतर

नेमकी येथेच अनेकांची गल्लत होते. आयआयटींच्या जागांसाठी ‘कोआप’ या संयुक्त पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पण तेथे नोंदणी केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे नाही. प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावाच लागतो. जागा देऊ झाल्यावर ती कायम स्वीकारणे, राखून ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहणे किंवा नाकारणे असे पर्याय असतात. कायम स्वीकारल्यास पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नाही. एनआयटींसाठी ‘सीसीएमटी’ ही वेगळी प्रक्रिया आहे. नागपूरची व्हीएनआयटी त्यातच येते. महाराष्ट्रातील राज्यस्तरीय प्रवेशांचे काम राज्याचा सीईटी कक्ष पाहतो.

खर्चाचे गणित

गेट पात्र विद्यार्थ्याला नियमांनुसार दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. ते २४ महिने मिळाले तर एकूण रक्कम २,९७,६०० रुपये होते. त्या बदल्यात सहसा खालच्या वर्गांची प्रात्यक्षिके घेणे, उत्तरपत्रिका तपासणे अशी कामे करावी लागतात. शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ धरता या रकमेत सगळे भागेलच असे नाही. शिवाय नोकरी सोडून येणाऱ्याचा दोन वर्षांचा पगार बुडतो. घरची जबाबदारी असेल, तर हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

संस्था की विषय?

पॉवर सिस्टिम्स, कंट्रोल, व्हीएलएसआय, सिग्नल प्रोसेसिंग, मशीन लर्निंग यांच्या वाटा पुढे वेगळ्या होतात. केवळ संस्थेच्या नावासाठी नावडता विषय घेतला, तर प्रबंधाचे वर्ष जड जाते. त्यामुळे विभागातील प्राध्यापक कोणत्या विषयावर काम करतात, प्रयोगशाळेत काय सोयी आहेत, हे पाहावे आणि शक्य असल्यास तेथे शिकणाऱ्यांशी बोलावे. संशोधनाची ओढ असेल, तर काही आयआयटींत एम.एस. (संशोधन) हा पर्यायही आहे. त्यात विषय कमी आणि प्रबंधाचे काम जास्त असते.